सात बाय सत्तावन्नची मंडळी

काही छंद असे असतात की त्यातून हाताला लागतं थोडं आणि सांगण्यासारखं घडतं फार. आमचं काडतुसं भरणं त्यातलंच. चार माणसं सुट्टीच्या दिवशी एका शेडमध्ये बसून पन्नास काडतुसं भरतात आणि घरी जाताना प्रत्येकाकडे एक तरी नवा किस्सा असतो. माझ्याकडे आता इतके साठलेत की पाहुणे आले की माझी बायको स्वाती आधीच सांगून टाकते, "याला रायफलबद्दल विचारू नका हं, जेवण गार होईल!"

तुम्ही विचारलंत. आता ऐका.

मी अभिजित, नॉटिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात फार्मासिस्ट. जोगळेकरकाका लेस्टरचे, रिटायर्ड भूलतज्ज्ञ. त्यांची मुलगी रिया, जन्म इथलाच, ब्रिस्टलला विमानांच्या कंपनीत इंजिनीअर, दर वीकेंडला घरी. आणि आमचा गुरू बर्नार्ड, शाळेत सुतारकाम शिकवून रिटायर झालेला, ज्याच्या बागेतल्या शेडमध्ये हा सगळा उद्योग चालतो. आमचं काडतूस म्हणजे सात बाय सत्तावन्न. गोळी सात मिलिमीटरची, पितळी पुंगळी सत्तावन्न मिलिमीटर लांब. युरोपातल्या शिकाऱ्यांचं शंभरावर वर्षांचं जुनं लाडकं काडतूस. दुकानात मिळतं, पण प्रत्येक रायफलची आवड वेगळी. म्हणून उडवलेली पुंगळी धुवायची, मागे ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, आत बारुदाची पावडर मोजून घालायची, वर गोळी दाबायची. जोगळेकरकाकू याला म्हणतात, "पुरुषांचे उकडीचे मोदक!"

*

सुरुवात माझ्या सासूबाईंपासून. पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. एका शुक्रवारी मी हॉलमध्ये काकांशी फोनवर बोलत होतो. "हो काका, उद्या सकाळी. सात सत्तावन्न. चाळीस नक्की."

शनिवारी सव्वासातला मी खाली उतरतो तर आई दारात उभ्या! अंगात कोट, पायात स्नीकर्स, हातात चार कप्प्यांचा डबा.

"चाळीस माणसांची ट्रिप ठरते आणि मला कोणी विचारतसुद्धा नाही! सात सत्तावन्नची गाडी ना? चला, उशीर होईल."

"आई, ती गाडी नाही. ते काडतूस आहे."

त्यांनी हातातला डबा जोखून पाहिला.

"म्हणजे चाळीस माणसं नाहीत? बरं झालं, दशम्या पुरतील!" आणि जाऊन गाडीत बसल्या.

*

शेडमध्ये बर्नार्ड पुंगळ्या घासत होता. त्याच्याकडे एक थरथरणारं भांडं आहे, त्यात अक्रोडाच्या टरफलांचा भुसा घालून पुंगळ्या तीन-चार तास घुसळतात. आईंनी एक उचलली, चष्म्याजवळ धरली. "पितळ आहे ना? मग याला चिंच का लावत नाही हा माणूस?"

मी भाषांतर केलं. बर्नार्ड हसला. पुढच्या वेळी आई घरून चिंचेचा कोळ घेऊन आल्या. दहा मिनिटांत पुंगळ्या समईसारख्या लखलखायला लागल्या! बर्नार्ड एक पुंगळी हातात घेऊन नुसता फिरवत राहिला. "फॉर्टी यिअर्स," एवढंच म्हणाला.

आई पुण्याला परत गेल्या आणि चिंच संपली. बर्नार्ड एकटाच लेस्टरला बेलग्रेव्ह रोडवरच्या आपल्या देशी बाजारात गेला. पुढचं त्याच्याच तोंडून कळलं. वाणसामानाच्या दुकानात गल्ल्यावर एक आजोबा होते. बर्नार्डने चिंच मागितली.

"चटणीसाठी?" आजोबांनी विचारलं.

"नाही. रायफलसाठी."

मागची बाई मुलाला घेऊन दोन पावलं मागे सरकली. आजोबांनी क्षणभर विचार केला आणि पुडा बदलला.

"मग बिनबियांची घ्या!"

*

काकांची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. हा माणूस अंड्याचा केकसुद्धा खात नाही. हरणावर गोळी झाडायची त्यांनी कधी कल्पनाही केलेली नाही. त्यांना हवी असते फक्त अचूकता. चाळीस वर्षं रुग्णांना भूल देताना जशी औषधं मोजली, तशी ते पावडर मोजतात. वजनकाट्यासमोर बसले की शेडमध्ये शिंकायला बंदी! एकदा मी चुकून शिंकलो. काकांनी मान वर केली, मोजलेली सगळी पावडर शांतपणे डब्यात परत ओतली आणि म्हणाले, "पेशंट हलला. पुन्हा सुरुवात."

*

एका सोमवारी हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये मला काकांचा फोन आला. लिफ्टमध्ये आणखी एकच माणूस, त्यामुळे मी मोकळेपणी मराठीत बोललो. "हो काका, पन्नास गोळ्या झाल्या. पावडर मी स्वतः मोजली, कणभर इकडे-तिकडे नाही. कुलपात ठेवल्यात. पोलिसांना माहीत आहे, त्यांचा काही प्रश्न नाही."

तो दुसरा माणूस निघाला निखिल! कोल्हापूरहून नुकताच आलेला ज्युनिअर डॉक्टर. हे मला खूप नंतर कळलं. तेव्हा एवढंच जाणवलं की हा मुलगा मला पाहिलं की जिन्याने जातो. सहाव्या मजल्यालासुद्धा!

मंडळाच्या गणपतीत त्याने मला प्रसादाच्या रांगेतून बाजूला घेतलं. डोळ्यांत खरी काळजी.

"दादा, लहान तोंडी मोठा घास घेतो. तुमची नोकरी चांगली आहे, वहिनी चांगल्या आहेत. त्यात तुम्ही फार्मासिस्ट. कशाला करता हे? सोडून द्या ना."

मला काहीच कळेना. मग त्याने लिफ्टमधलं सगळं बोलणं शब्दन्‌शब्द म्हणून दाखवलं. मी पोट धरून हसलो आणि समजावलं, की अरे बाबा, त्या गोळ्या रायफलच्या!

निखिलने एवढा मोठा सुस्कारा टाकला. "बंदुकीच्या होय! मग ठीक आहे!"

*

काकांचं रायफल बाळगायचं सर्टिफिकेट रिन्यू व्हायचं होतं. त्यासाठी पोलिसांचा ऑफिसर घरी येऊन चौकशी करतो. नापास झालात तर रायफल जमा, काडतुसं जमा, सगळं बंद. काका आठवडाभर नीट झोपले नव्हते. धीर द्यायला म्हणून मीही तिथे होतो.

ऑफिसर भला माणूस होता. पोहे खाल्ले, चहा घेतला, भिंतीत पक्कं बसवलेलं रायफलचं कपाट हलवून बघितलं. मग तो काकूंकडे वळला.

"मिसेस जोगळेकर, या कपाटाची किल्ली कुठे असते, तुम्हाला माहीत आहे?"

किल्लीचा पत्ता फक्त सर्टिफिकेटवाल्यालाच माहीत हवा, हा नियम. काकूंना तर त्या घरातली टाचणीसुद्धा कुठे आहे ते माहीत असतं! काकांनी डोळे मिटले.

काकूंनी पदर सारखा केला. "लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली. या माणसाने स्वतःच्या हाताने जागेवर ठेवलेली ती एकच वस्तू आहे. कुठे ठेवतो, देवालाच ठाऊक!"

ऑफिसर हसू दाबत लिहायला लागला. "आणि डॉक्टर, रायफल ठेवण्याचं तुमचं सबळ कारण?"

काका घसा खाकरतात न खाकरतात तोच काकू पुढे सरकल्या. "जरा नीट लिहून घ्या हं, ऑफिसर. अकरा वर्षं मीही हेच विचारतेय!"

सर्टिफिकेट मिळालं.

*

आमच्यात खरी शिकारी रिया. एका शेतकऱ्याच्या रानात हरणं नवी रोपं खाऊन फस्त करतात, तिथे तिला रीतसर परवानगी आहे. तीन महिने ती पहाटे उठून जात होती आणि तिला एकही हरीण दिसलं नव्हतं. काकांनी स्वतः भरलेली दहा काडतुसं तिला दिली होती आणि काय होतं ते लगेच कळवायचं, असं बजावलं होतं.

एका सकाळी शेडमध्ये काकांचा फोन वाजला. पलीकडे रियाची कुजबुज.

"बाबा, हळू बोला. समोर एक मोठी हरीण उभा आहे."

काकांचा चेहरा लाल झाला. मुलीच्या मराठीसाठी या माणसाने दर रविवारी तिला व्याकरण शिकवलंय! त्यांच्याने राहवलं नाही.

"उभं! हरीण उभं आहे! नपुंसकलिंग!"

पलीकडून आधी पाला तुडवल्याचा आवाज आला. मग रियाचा रडवेला आवाज, "बाबा, फोन स्पीकरवर होती. ती गेला!"

काका खुर्चीत मागे टेकले. डोळे मिटून, अगदी हळू आवाजात म्हणाले, "ते गेलं, बेटा. ते गेलं."

*

आता शेवटचा.

बर्नार्ड म्हणजे नेमबाजीच्या रेंजवरचा राजा. कागदावर पाच गोळ्या मारल्या की पाचही भोकं एका नाण्याखाली झाकली जायची. पण हरणासमोर? तीस वर्षांत एकही नाही! दर वेळी हरणाच्या पोटाखालून गोळी जायची, मागे माती उडायची आणि हरीण पळून जायचं. मित्र चिडवायचे. त्याने स्वतःची समजूत घातली होती, की जिवंत प्राणी समोर आला की आपला हात कापतो. शेवटी त्याने जाणंच सोडून दिलं.

या मार्चमध्ये आम्ही चौघं त्याच्या शेडमधलं जुनं कपाट आवरत होतो. तळाशी दोन डब्या निघाल्या. दोन्हींवर चिठ्ठ्या, सुंदर, तिरप्या अक्षरात. एकीवर "कागद", दुसरीवर "हरीण", अर्थात इंग्रजीत.

"मॉरीनचं अक्षर," बर्नार्ड म्हणाला. मॉरीन त्याची बायको. चार वर्षांपूर्वी गेली. तिची बोटं नाजूक, म्हणून त्या दोघांत पावडर मोजायचं काम कायम तिचं.

जुनी काडतुसं तशीच झाडायची नाहीत, उघडून तपासायची, हा काकांचा नियम. त्यांनी "कागद" डबीतली आठ उघडली. पावडर मोजली, बर्नार्डच्या मापांच्या वहीत लिहिल्याबरहुकूम. मग "हरीण" डबीतली उघडली. पहिलं मोजलं. थांबले. चष्मा पुसला, परत मोजलं. दुसरं. तिसरं. आठही मोजून झाल्यावर त्यांनी काटा बाजूला सरकवला.

"यांत पावडर कमी आहे," काका म्हणाले. "गोळी वीतभर खाली जाणार."

"मॉरीन कधी चुकायची नाही," बर्नार्ड म्हणाला.

"एखादं कमी असतं तर मी चूक म्हटलं असतं, बर्नार्ड. आठही सारखीच कमी आहेत. कणाचाही फरक नाही."

रियाने तोंडावर हात ठेवला.

"दर वेळी चहाचा फ्लास्क भरून द्यायची," बर्नार्ड सावकाश म्हणाला. "दारात उभी राहून म्हणायची, मोठं आण हं, फ्रीझर रिकामा आहे." आणि त्याने मान खाली घातली. खांदे हलायला लागले. मी उठून त्याच्याकडे जाणार, तेवढ्यात आवाज आला. तो हसत होता! डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि माणूस शेडचं छप्पर उडेल इतका हसतोय!

बऱ्याच वेळाने त्याने बाहीने तोंड पुसलं. त्या आठ पुंगळ्या गोळा केल्या आणि काकांपुढे ओळीने मांडल्या.

"डॉक्टर, पुढच्या शनिवारी मी परत रानात जाईन म्हणतो. मला एवढ्या भरून द्याल?"

"वहीतल्या मापाने?" काकांनी विचारलं.

"नाही," बर्नार्ड म्हणाला. "तिच्या."