गिरणीवाल्या मामांचं आवतण

माझ्या बायकोच्या मामांकडे जेवढा आत्मविश्वास आहे, त्याच्या निम्मा जरी आमच्या भागातल्या ढगांकडे असता, तरी पारनेर तालुक्याला दुष्काळ हा शब्द ठाऊक झाला नसता. मामांची पारनेरात पिठाची गिरणी. पण कुणी "काय करता?" असं विचारलं की ते "लेखन" असं ठणकावून सांगतात, आणि गिरणीचा उल्लेख जोडधंदा म्हणून करतात. त्यांचं छापून आलेलं एक अक्षरही कुणी पाहिलेलं नाही. दुसरा कुणी खचला असता. मामांच्या मते मात्र संपादक मंडळी अजून कच्ची होती. "पिकू द्या त्यांना," असं ते अगदी मोठ्या मनानं म्हणत.

श्रोत्यांची सोय त्यांनी गिरणीतच केली होती. दळण झालं तरी ते डबा लगेच हाती देत नसत. "पीठ गरम हाय. आत्ताच झाकन लावलं तर पानी सुटंल. निवू द्या जरा," असं म्हणून गिरणी बंद करायचे, मिशीवरचं पीठ झटकायचे आणि यात्रेत हरवलेल्या बैलाची कथा वाचायला घ्यायचे. बाजरीवाले थोडक्यात सुटत. गहूवाल्यांचं पीठ म्हणे उशिरा निवतं, त्यामुळे त्यांना बैलाच्या आजोळापासून सगळं ऐकावं लागे. एक काकू तर घरून पुठ्ठा घेऊन यायच्या आणि कथा सुरू झाली की डब्यावर जोरजोरात वारा घालायच्या. मामा त्यांचं कौतुक करायचे. "बघा, कशा तल्लीन झाल्यात!"

पुढे स्टँडजवळ दुसरी गिरणी निघाली. तिथं दळण लवकर मिळायचं आणि कथा नसायची, त्यामुळे गर्दी तिकडे वळली. गिऱ्हाईक गेल्याचं मामांना फारसं वाटलं नाही, श्रोते गेल्याचं वाटलं. एकदा चहा पिता पिता ते हळूच म्हणाले, "जावईबापू, येवढी वर्सं वाचतोय. पर पुढं काय झालं, आसं कोनी इच्यारलं न्हाई बगा. पीठ निवलं का, येवढंच इच्यारत्यात." मामांचा आवाज इतका खाली आलेला मी प्रथमच ऐकला, आणि मला फार वाईट वाटलं.

नव्वदचं दशक तेव्हा संपत आलं होतं. मी नगरला बँकेत होतो आणि तिथल्या एका सहकाऱ्याकडून कळलं, की इंटरनेटवर मराठी लिहिणाऱ्यांचा एक कट्टा आहे. पुण्यापासून अमेरिकेपर्यंतची माणसं तिथं लिहितात आणि एकमेकांचं वाचतात. मी हे मामांना सांगायचा अवकाश, रविवारी पहिल्या एसटीनं ते इस्त्रीचा सदरा आणि कडक टोपी घालून हजर. सायबर कॅफेच्या दाराशी चपला काढून त्यांनी मालकाला विचारलं, "मंडळी बसली का?"

कट्ट्याचा नियम असा, की नवीन माणसानं आधी थोडक्यात ओळख करून द्यायची. थोडक्यात या शब्दाशी मामांची कधी गाठ पडली नव्हती. ते सांगत गेले, मी इंग्रजी अक्षरांत मराठी बडवत गेलो. गाव, भावकी, आजोळ, सोयरे, गिरणीचं इंजिन, सगळं झालं. शेवटी त्यांनी सभासदांनाच विचारलं, "आपलं गाव कोनचं? पाव्हणे कोन?" एकानं सासुरवाडी सुपा असल्याचं कळवताच मामांनी तिथल्या तिथं त्याचं नातं लावलं आणि त्याला भाचेजावई करून टाकलं.

एवढ्यावर थांबले असते तर ते मामा कसले? "नवी सून आली की पयल्या पंगतीला वाढप तिच्या हातचं. आपन हितं नवं, तवा वाढायचं आपन," असं म्हणून त्यांनी अख्ख्या कट्ट्याला गावच्या यात्रेचं आवतण दिलं. जेवायला मासवडी आणि झणझणीत रस्सा. पुढच्या रविवारी उत्तरांचा पाऊस. "नक्की येऊ!" "मासवडी? आलोच!" दूरदेशी बसलेल्या माणसांचं हे नुसतं प्रेमानं म्हणणं असतं, हे मी परोपरीनं समजावलं. मामा म्हणाले, "जावईबापू, लिव्हून दिलंय त्यांनी."

यात्रेच्या दिवशी मामींनी आणि शेजारणींनी पहाटेपासून मासवड्या थापल्या. गिरणीला हार घातला, अंगणात पट्ट्या अंथरल्या. दुपार झाली तरी कुणाचा पत्ता नाही. येणारेजाणारे रिकाम्या पट्ट्यांकडे बघून एकमेकांना खुणावत होते. मामा प्रत्येक गाडीला स्टँडवर जात आणि परत येऊन सांगत, "येस्टी लेट हाय." दर खेपेला आवाज थोडा खाली. मामी तर माझ्याकडे बघेनात. या माणसाला त्या कॅफेत नेलंच कशाला, असं मला होऊन गेलं.

आणि संगमनेरच्या गाडीनं एक म्हातारे गृहस्थ आले. हातात कापडी पिशवी, पायात धुळीनं भरलेल्या वहाणा. "गिरणीवाले लेखक इथंच राहतात ना?" त्यांनी विचारलं. "मी रिटायर्ड मास्तर. मुलगी अमेरिकेत असते. येते म्हणून तिनं तुम्हाला कळवलं होतं. तिला काही जमत नाही, तर बाबा, तुम्ही तरी जाऊन या म्हणाली."

मामांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते मी जन्मात विसरणार नाही. त्यांनी स्वतः वाकून वाढलं, मास्तर घाम पुसत पोटभर जेवले, आणि पान खाऊन झाल्यावर मामांनी कथा काढली. गिरणी बंद होती. डबा नव्हता, पीठ नव्हतं. मास्तर मांडी घालून ऐकत होते. बैल यात्रेत हरवला, मालक दुकानांच्या पालापालांतून त्याला हाका मारत फिरला, आणि मामा थांबले. मास्तर पुढे सरकले. "मग? पुढं काय झालं? सापडला का बैल?"

मामांनी पान उलटलं. मागं कोरं होतं. त्यांनी शेवट लिहिलाच नव्हता. इतक्या वर्षांत तिथपर्यंत कुणाचं पीठ गरम राहिलंच नव्हतं. मामांचे डोळे भरून आले. मग त्यांनी घसा खाकरला आणि नेहमीच्या आवाजात सांगितलं, "मास्तर, त्येच्यासाटी फुडल्या यात्रंला यावं लागंल."

मास्तर पुढल्या यात्रेला आले. बैल त्या वर्षीही सापडला नाही, मुद्दामच. नंतर एका रविवारी कट्ट्यावर त्यांच्या मुलीचा मजकूर आला. बाबा गेले. आजारपणात दोनदा म्हणाले, त्या बैलाचं काय झालं ते कळायला हवं होतं. तुम्ही मला सांगाल का?

मी वाचून दाखवलं. मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "लिव्हा. पोरी, बैल घावलाय. कसा घावला, ते ऐकायला यात्रंला ये. तुज्या बाच्या जागी तुला वाढतो."

एसटीत चढताना त्यांनी माझा हात धरला. "जावईबापू, आता शेवट लिव्हायलाच पायजे. पोरगी येनार हाय." येते असं तिनं कुठंच म्हटलं नव्हतं. पण या खेपेला मी काही समजावायला गेलो नाही.