हाक मारायला शिकवताना

लग्नाआधीची तीन वर्षं मी नाशिकच्या कडेला एका मळ्यातल्या वस्तीवर बालवाडी चालवत होते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. एक खोली, खिचडीचं एक पातेलं, पंचवीसेक पोरं आणि मदतीला एक मावशी. दारासमोर चहाची टपरी. वस्तीवरची माणसं झेंडू आणि गुलाब करायची, पहाटे तोडायची आणि नदीकाठच्या बाजारात नेऊन विकायची. मी तेव्हा स्वतःला फार हुशार समजत होते, हे आधीच सांगून टाकते.

ती मुलगी मला एका गोठ्यात दिसली. पाच वर्षांची असेल. जुन्या लुगड्याच्या पट्टीचं एक टोक तिच्या कमरेला, दुसरं खांबाला. रांगत्या पोराला असं बांधून बाया कामाला लागतात, त्यात नवल नव्हतं. पण पोर मोठं झालं की पट्टी सुटते. हिची सुटलीच नव्हती. तिच्याआधीची बहीण विहिरीत पडून गेली होती, आणि आईने मनाशी पक्कं केलं होतं की हिला विहिरीपर्यंत पोचूच द्यायचं नाही. आईबाप दिवसभर फुलांत, घरात तिसरं कोणी नाही. गोठ्यात एक कुत्री होती, तिच्या अंगाला अंग लावून ही पडलेली असायची. कुत्रीने कान टवकारले की ही मान उचलायची. बोलणं शून्य. पोरं तिला कुत्रीची लेक म्हणायची आणि मोठी माणसंही हसायची. मला त्या हसण्याचा अजून राग येतो, कारण तिला साथ देणारी त्या वस्तीवर ती कुत्रीच एकटी होती.

प्रशिक्षणात एका बाईंनी आम्हाला रानात, जनावरांत सापडलेल्या मुलांविषयी सांगितलं होतं. माणसाचं मूल माणसांत वाढलं नाही तर माणूस होत नाही, असं मी वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. त्या दोन रेघांच्या जोरावर मी तिच्या आईच्या मागे लागले. पंधरा दिवस ती नाहीच म्हणत होती. मग एक दिवस पोरीला कडेवर घेऊन स्वतःच आली.

"बाई, नजर काढू नका हिच्यावरनं," ती म्हणाली. "माझ्याकडं आता दुसरं काय नाय."

सहा महिन्यांत पोरगी पुष्कळ शिकली. ताटलीला तोंड लावायचं सोडून हाताने खाऊ लागली. रांगेत बसू लागली. एकदा शेजारच्या मुलाची खिचडी लंपास करून तिने साळसूद चेहरा केला, तेव्हा मला इतका आनंद झाला की मी तिला रागवायचीही विसरले. शब्दही आले: पाणी, दे, नको, बाई. पण समोर चेहरा असेल आणि तो काही विचारत असेल, तरच.

बालवाडी सुटताना आमची एक रीत होती. मावशी पोरांना ज्याच्या त्याच्या घरी पाठवायची आणि मी दार ओढताना कान द्यायचे. आत चिवचिव नाही म्हणजे खोली रिकामी. तीन वर्षांत हे कधी चुकलं नव्हतं, कारण आत राहिलेलं पोर बोंब मारतंच.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळी वस्ती झेंडूत बुडालेली होती. साडेबाराला मी कान दिला, खोली गप्प होती, कुलूप लावून मी घरी गेले. मावशीला वाटलं, पोरगी माझ्यापाशी आहे. आईला वाटलं, घाईचा दिवस म्हणून मावशीने तिला घरी नेलं असेल. तसं आधी दोनदा झालंही होतं. दिवेलागणीला आई मावशीकडे गेली, मग दोघी माझ्याकडे आल्या. आम्ही धावतच निघालो. वाटेत मी विहिरीत डोकावले. आईच्या देखत डोकावले. तेव्हाचा तिचा चेहरा मी आजही विसरू शकत नाही.

कुलूप काढलं. ती धान्याच्या कोठीमागे बसली होती. जागी होती, खालची फरशी ओली होती. टपरीवाला शपथेवर सांगत होता की तो दिवसभर समोरच होता, जरा आवाज आला असता तर कुलूप फोडलं असतं. ते खरंच होतं.

आईने तिला उचललं. तिने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "ती कधीच वरडत नाय, बाई. तुम्हाला म्हाईत व्हतं."

तान्हं मूल रडतं, कोणीतरी येतं. पुन्हा रडतं, पुन्हा येतं. असं हजारदा झाल्यावर त्याला कळतं की आपला आवाज कुठेतरी पोचतो. हिनेही कधीतरी रडून पाहिलंच असणार. फुलांत राबणाऱ्यांना ते ऐकू गेलं नसणार, आणि हिने ते सोडून दिलं. मी तिला शब्द दिले होते, पण कोणी येईल हा भरवसा दिला नव्हता.

दिवाळीनंतर मी एक खेळ सुरू केला. पोरं गेली की मी बाहेर जाऊन दार लोटून घ्यायचे. तिने आतून "बाई" म्हणायचं, मी "ओ" म्हणत आत यायचं. कितीतरी दिवस दोन्ही बाजूंनी मीच बोलत होते आणि टपरीवाला हसत होता. फटीतून मला दिसायचं, ती ओठ हलवायची. आवाज निघायचा नाही. शेवटी मी हाकेवाचूनच आत जायचे.

माघात माझं लग्न ठरलं, नांदगावला. पोरांना पेढे वाटले. हिला कसं सांगायचं ते सुचेना, म्हणून सांगितलंच नाही. शेवटच्या दिवशी दार लोटून बराच वेळ उभी राहिले. मग आत जाऊन तिचे केस सारखे केले आणि निघाले. आपल्याला हे जमलं नाही, असं मनाशी म्हटलं, आणि खोटं कशाला सांगू, थोडं सुटल्यासारखंही वाटलं.

पुढे माझी पोरं उठसूट "आई" म्हणून ओरडायची आणि मी हातातलं टाकून धावायचे. लाडावतील, असं सासूबाई म्हणायच्या. त्यांचं मी ऐकलं नाही.

दोन हजार सालानंतर कधीतरी माहेरी आले असताना फुलबाजारात तिची आई भेटली. तिनेच मला ओळखलं.

"हाय की, मोठी झाली," ती म्हणाली. "माझ्यासंगं फुलं तोडती."

"बोलते का?"

"आता नाय." तिने झेंडूवर पाणी शिंपडलं. "तुम्ही गेल्यावर नव्या बाई आल्या. पोरं घरी गेली का ही आतनं दार लोटून घ्यायची आन् हाक मारायची. बाई, बाई. लय मोठ्यांदी, पार मळ्यात आम्हाला ऐकू यायचं. कुणी गेलं तर त्याला भाईर ढकलायची, परत दार लोटायची."

"किती दिवस?"

"उन्हाळ्याची सुट्टी लागेपत्तूर. मंग थांबली."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. गिऱ्हाईक आलं म्हणून ती तिकडे वळली. मी तिथेच उभी राहिले, आणि त्या गोंगाटात कोणालाच ऐकू जाणार नाही अशा आवाजात "ओ" म्हणाले.