रुपराव मास्तरांचं 'राहू द्या'

पडदा वर जातो. रंगमंचावर आमच्या वस्तीचं मैदान. एका बाजूला विहार, दुसऱ्या बाजूला नळ आणि नळासमोर रिकाम्या घागरींची रांग. मधोमध अनवाणी पोरं गळ्यात ड्रम अडकवून उभी. आणि त्यांच्यासमोर, कॅन्व्हासच्या बुटांना खडू फासून, रुपराव मास्तर.

हे नागपुरातलं सदुसष्ट-अडुसष्ट साल. आम्ही वस्तीच्या मंडळाचे नाटकवाले त्याच मैदानावर तालीम करायचो. माझा रडण्याचा प्रवेश रंगात आला की नेमके शेजारी ड्रम सुरू होत. तक्रार केली तर मास्तर म्हणत, "जोरानं रड ना वं, प्रेमिला. मागच्या रांगेनंबी तिकीट काढलं राह्यते."

मास्तर मिलमध्ये मागावर होते. तरुणपणी फौजेच्या बँडमध्ये ड्रम वाजवला होता, तेवढ्या भांडवलावर त्यांनी वस्तीतल्या पोरांचं पथक उभं केलं. मागांच्या खडखडाटानं कान अधू झालेले, त्यामुळे बोलणं मोठं. थांबण्याचा हुकूम मात्र त्यांचा स्वतःचा होता. 'हॉल्ट' म्हटलं की कोणी थांबे, कोणी एक पाऊल जास्त टाके. मग मास्तरांनी पंगतीतला शब्द उचलला. वाढणारा पुन्हा भात घेऊन आला की आपण ताटावर हात आडवा धरून म्हणतो ना, "राहू द्या"? तोच. तो ऐकला की सगळ्या काड्या हवेतच थबकत.

एका वर्षी दसऱ्याला धम्मचक्र दिनाची मिरवणूक निघाली. पुढे पथक, मागे बाया, त्यामागे पाहुण्यांचा ट्रक. कोपऱ्यावरच्या यमुताई सरबताचा गिलास घेऊन मास्तरांना आडव्या आल्या.

"घ्या गा मास्तर, घसा सुकला असंल."

मास्तर भिडस्त माणूस. हात आडवा करून मोठ्यानं म्हणाले, "राहू द्या."

पथक जागच्या जागी थांबलं. मागच्या बाया पोरांवर आदळल्या, ट्रकनं ब्रेक मारला, एका पाहुण्याच्या हातातला हार रस्त्यावर पडला. एकदम शांतता झाली आणि त्या शांततेत यमुताई म्हणाल्या, "सरबतच हाये ना गा. जहर थोडी आणलं म्या."

सारा रस्ता हसला. मंडळाचे अध्यक्ष गोपाळराव तेवढे हसले नाहीत. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत त्यांनी सांगून टाकलं, पुढच्या वर्षी इतवारीतून भाड्याचा बँड आणू, पथक बंद.

मास्तर मान खाली घालून बसले. बायको केव्हाच गेलेली, मूलबाळ नाही. पथक गेलं तर मिल आणि रिकामी खोली, एवढंच उरणार होतं.

"शब्द बदलतो जी," ते म्हणाले. "पथक मोडू नका."

तेव्हा मागून यमुताई उठल्या. "शब्द काहून बदलता? इतके वर्ष मिरवणूक माह्या दारावरून पळत जाते. काल पहिल्यांदा थांबली, तं सगळ्यायले पाणी भेटलं, म्हाताऱ्या बाया सावलीत टेकल्या. तुमचा बँडवाला थांबंल का? त्याले तं पुढची वरात गाठाची राह्यते."

गोपाळरावांनी स्वतः दोन गिलास सरबत घेतलं होतं आणि ते बैठकीतल्या प्रत्येकानं पाहिलं होतं.

पथक राहिलं. शब्दही राहिला. त्यानंतर दरवर्षी यमुताईंच्या दारी मिरवणूक मुद्दाम थांबायची. मास्तर हुकूम देत आणि मग गिलासही घेत.

चौऱ्याऐंशीत मास्तर अंथरुणाला खिळले. मिलमधली कापसाची धूळ छातीत बसली होती. पथक आता वसंत चालवत होता, त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. त्या दसऱ्याला शेजाऱ्यांनी मास्तरांची खाट दारात आणून ठेवली. मिरवणूक आली आणि वसंतनं पथक खाटेसमोर उभं केलं. काड्या बगलेत, माना खाली. मी खाटेजवळच होते. इतकी वर्षं स्टेजवर काढली, पण अशी शांतता कुठल्या थेटरात मिळाली नाही.

पुढे दोनच दिवस मास्तर होते, पण डोळे मिटून, काही न बोलता. त्यांचं शेवटचं बोलणं म्हणजे त्या दुपारी, कोपरावर उठून, वसंतला दटावून म्हणाले तेच:

"थांबले काहून गा? मागं बाया उन्हात उभ्या हायेत."