राखीव डोहाचा राखणदार

बुरहानमामासारखा सरळ माणूस आमच्या गावात दुसरा नव्हता. हे मी आजही म्हणते, पण आता दात-ओठ खात म्हणते.

जांबी प्रांताच्या वरच्या अंगाला, नदीच्या वळणावर आमचा डोह आहे. वर्षातून एकदा, ईदनंतर तो उघडायचा, सगळ्या गावाने मासे धरायचे आणि कुराणातला यासीन वाचून, शपथ घालून पुन्हा बंद करायचा. मधल्या काळात ज्यानं तिथला मासा खाल्ला त्याचं पोट फुगतं, ही आमची खात्री. आमच्यात प्रत्येक कुळाचा कारभार त्या कुळाच्या मामाकडे असतो; डोहाची राखण बुरहानमामाकडे होती. वीस वर्षं त्यानं ती डोळ्यांत तेल घालून केली. सख्खा जावई गळ टाकताना सापडला, तर त्यालाही बकऱ्याचा दंड भरायला लावला.

याच मामानं रबराची झाडं तोडून पामतेलाचे ताड लावले, थेट पाण्याच्या कडेपर्यंत. त्याचं बघून सगळ्यांनी लावले. मीही लावले, खोटं कशाला बोलू? ताड वाढले तशा विहिरी खोल गेल्या. पाऊस पडला की नदी लाल होऊन अंगावर यायची आणि दोन दिवसांत गोटे उघडे पडायचे.

गेल्या कोरड्या हंगामात डोहात घोट्यापुरतं पाणी उरलं. हातभर लांबीचे सेमाह मासे चिखलात तोंड उघडून पडले होते. सरपंच खैरुल धावत आला.

“मामा, शपथ उतरवा. आजच वाटून टाकू, नाहीतर सडतील.”

“ईदला पाच महिने आहेत.”

“मासे कॅलेंडर बघतात का?”

“शपथ गावातल्या सगळ्या कुळांच्या मामांनी मिळून घातली. सगळे जमल्याशिवाय उतरत नाही. दोघे शहरात आहेत, बोलव त्यांना.”

ते दोघे चौथ्या दिवशी आले. तोवर वास मशिदीपर्यंत पोचला होता. एका माणसानंही मासा उचलला नव्हता. मामा काठावर बसून हुंदके देत रडला, आणि मला त्याची मनापासून दया आली.

पाऊस झाला, डोह भरला, नवी पिल्लं सोडली. शपथ घालायला सगळे मामा आमच्या ओसरीवर जमले. मी कॉफी द्यायला गेले आणि तिथंच थांबले.

“मामा, या खेपेला पाण्याचीही शपथ घाला. डोहाच्या वरच्या अंगाला, काठापासून पन्नास पावलांत ताड नको. आहेत ते तोडा. आधी माझे तोडा.”

सगळ्यांनी बुरहानमामाकडे पाहिलं. काठावर सगळ्यात जास्त झाडं त्याचीच, आणि ऐन भरात आलेली. तो हो म्हणाला असता तर नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती. त्यानं कप खाली ठेवला.

“नेली,” तो म्हणाला, “बैठकीत बायका बोलत नाहीत. कॉफी देऊन झाली असेल तर आत जा.”

मी आत गेले. बाहेर यासीन सुरू झाला. शपथ माशांपुरतीच घातली.