सहाणेवरची शाळा

कुडपणच्या शाळेतल्या सुलभाबाई संतापल्या होत्या. हजेरीच्या जुन्या ॲपवर जेमतेम हात बसला, तोच नवं आलं. पोलादपूरच्या बैठकीत शिक्षणखात्याचे साहेब म्हणाले, "बाई, काळाबरोबर शिका."

"शिकते की! पण आमच्याकडे रेंज येते ती फक्त सहाणेवर, शिमग्याला देवाची पालखी बसते त्या चौथऱ्यावर. मी तिथं शिकत बसले तर वर्ग कोण घेणार, तुम्ही?"

साहेबांनी पुढचा विषय काढला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पोरांना चपला खाली काढायला लावून वर्ग सहाणेवरच भरवला.

म्हातारे भागोजी खेकसले, "गो बाई, देवाची जागा हाय ती!"

"मग देवालाच विचारा काका, पोरं जड होतात का त्याला!"

पाढे चालू असताना बाईंचा मोबाइल वाजू लागला. हजेरीसाठी साहेबांचा फोन होता.

"वाजू दे मेला," बाई म्हणाल्या, "आधी पाढे."