गुंडेरावांनी दवाखान्यात केलेली सही

विमा कंपनीच्या वकीलबाईंनी फाइलमधून एक कागद काढून कोर्टापुढे ठेवला. मी माझ्या अशिलाकडे पाहिलं. गुंडेराव छताकडे बघत होते. सही त्यांचीच आहे हे मला तेवढ्यावरून कळलं.

केस साधी होती. गुंडेराव आबिड्सच्या बाजारातल्या एका कापड दुकानात सेल्समन. विद्यानगरहून कामाला जाताना सिमेंटच्या ट्रकने मागून त्यांची स्कूटर उडवली. गुडघ्याचा चुरा झाला. दिवसभर उभं राहून साड्या दाखवणारा माणूस आता दहा मिनिटं उभा राहू शकत नव्हता. नोकरी गेली.

मोटार अपघातांच्या ट्रिब्युनलमध्ये आम्ही भरपाई मागितली होती. ती ट्रकची विमा कंपनी देते, ड्रायव्हरच्या खिशातून सहसा काही जात नाही. मात्र त्यासाठी ड्रायव्हरची चूक सिद्ध करावी लागते. चूक सिद्ध न करताही कायद्याने ठरलेली एक रक्कम मिळते, पण ती गुंडेरावांच्या दोन ऑपरेशनांतच संपली असती.

आणि त्या कागदावर तेलुगूत लिहिलं होतं, ‘मीच अचानक ब्रेक मारला. ड्रायव्हरचा दोष नाही.’

व्हरांड्यात वकीलबाई म्हणाल्या, “साब, अब फिक्स्ड अमाउंट ले लो. आजिच सेटल करते.”

“कल तक तो चौपट दे रहे थे, मैडम.”

“कल ये लेटर नहीं देखे थे ना हम.”

दिवसा टायपिंग करून संध्याकाळच्या कॉलेजात मी वकील झालो. भाव पाडणारे मला नवे नाहीत. पण माझ्याच अशिलाने माझा भाव पाडावा, हे मला आजही गिळवत नाही.

हिमायतनगरच्या माझ्या ऑफिसात गुंडेरावांना बसवलं आणि आधी ओरडून घेतलं.

“हा कागद मला का नाही दाखवला?”

“विसरलो बघा, वकीलसाहेब.”

“दीड वर्ष विसरलात?”

“तुम्ही लई चिडता हो. म्हणून राहिलं सांगायचं.”

मग सगळं बाहेर आलं. ते दवाखान्यात असताना ट्रकचा ड्रायव्हर रामविलास सीताफळं घेऊन भेटायला आला. सोबत ट्रकमालकाचा सुपरवायझर. रामविलास पाया पडला, रडला. सुपरवायझरने कागद पुढे केला. ‘तक्रार नाही’ एवढंच लिहिलंय म्हणाला, सही करा, नाही तर ह्याची नोकरी जाईल.

“माणूस पाया पडल्यावर नक्को कसं म्हणायचं, साहेब?”

“वाचून तरी बघायचं!”

“तेलुगू बोलतो मी. वाचायला कुठं येतंय? शाळा मराठी झाली की आमची.”

माझा आवाज आपोआप खाली आला. “आणि त्या ड्रायव्हरला येतं वाचायला?”

“तो बिहारचा. विचारू का? येतो की रविवारी जेवायला.”

विरुद्ध पार्टीचा ड्रायव्हर माझ्या अशिलाच्या घरी रविवारी जेवत होता, आणि हे मला सोडून सगळ्या विद्यानगरला माहीत होतं.

पुढच्या तारखेला गुंडेरावांना तेलुगू वाचता येत नाही हे मी त्यांच्या साक्षीत नोंदवून घेतलं आणि मग रामविलासला साक्षीला बोलावलं. चूक कोणाची, हे मुद्दामच विचारलं नाही. त्याच्यावर फौजदारी केस चालू होती, तिथे तो अडकला असता. कागद हातात दिला.

“पढ़ो.”

“नहीं आता साब. तेलुगू है.”

“लिखा किसने?”

“सुपरवायझर साब लाए थे. बोले, इनसे साइन करा ले, नहीं तो कल से मत आ.”

जजसाहेबांनी चष्मा काढला. “म्हणजे देणाऱ्याला वाचता येत नाही आणि घेणाऱ्यालाही नाही?” त्यांनी इंग्रजीत विचारलं. वकीलबाईंनी उलटतपासणीही घेतली नाही. कागद बाद झाला. उरला तो पोलिसांचा पंचनामा, आणि त्यात धडक मागूनच होती. भरपाई व्हरांड्यातल्या चौपटीपेक्षाही जास्त मंजूर झाली.

गुंडेराव आता सांगत फिरतात, ड्रायव्हर भला माणूस निघाला म्हणून केस जिंकलो. वकील कोण होता, हे कोणी विचारत नाही.

अशिलाचा चांगुलपणा हाही पुरावाच असतो. फक्त तो कोणत्या बाजूचा, हे वकिलाला शेवटी कळतं.

रामविलासची नोकरी मात्र गेलीच. गुंडेराव त्याला माझ्याकडे घेऊन आले. “ह्याचीही केस घ्या ना, साहेब.” मी बराच वेळ बडबडलो आणि मग इंग्रजीतलं छापील वकीलपत्र त्याच्यापुढे सरकवलं. त्याने न वाचता सही केली.

मीही त्याला अडवलं नाही.