पोट भरल्याचा निरोप

उद्या सुयोगचं वर्षश्राद्ध, म्हणून शैलजाताईंनी बेसनाचे लाडू वळले, डबा फडताळात ठेवला आणि सवयीनं कुलूप घातलं. घरात आता लाडवांवर डोळा ठेवणारं कोणी नाही, हे त्यांच्या हातांना अजून पटलेलं नाही. किल्ली कमरेला खोचून त्या दुपारच्या जरा लवंडतात. डोळा लागतो न लागतो, तोच फडताळापाशी सुयोग उभा.

सुयोग त्यांचा एकुलता मुलगा. त्याच्या पंधराव्या गुणसूत्राचा एक बारीक तुकडा जन्मापासूनच नव्हता. डॉक्टरांनी प्रॅडर-विली असं नाव सांगितलं आणि मग सोपं करून म्हणाले, याचं पोट भरतं, पण भरल्याचा निरोप मेंदूला पोचत नाही. द्याल तेवढं खाईल आणि त्यानंच जिवावर बेतेल. म्हणून घरभर कुलपं आली. पोटच्या पोराला कोणी असं उपाशी ठेवतं का, असं शेजारणी विचारायच्या. ताई काळजावर दगड ठेवून मोजकंच वाढत राहिल्या. एवढं जपूनही तो गेल्या वर्षी झोपेतच गेला. पोर उपाशी गेलं, हेच तेव्हापासून त्यांना आतून खातंय.

आज मात्र सुयोग कुलपाकडे बघतही नाही.

"चल आई, पंगत बसलीय."

स्वयंपाकघराचं दार दवाखान्याच्या लांबलचक बोळात उघडतं. तिथं पाट मांडलेत, केळीची पानं आहेत, उदबत्त्या लागल्यात. नंबर येण्याची वाट बघणारी माणसं मांडी घालून जेवतायत. ही पुतणीच्या लग्नातली पंगत, ताई लगेच ओळखतात. त्या लग्नात मला वाढायला द्या म्हणून सुयोगनं हट्ट धरला होता आणि ताईंनी दंड धरून त्याला मांडवाबाहेर नेलं होतं. बोक्याला आपणहून शिंकं कोण काढून देतं?

आज परात त्याच्याच हातात आहे. तो वाकून जिलबी वाढतोय. माणसं पानावर हात आडवे धरतात, तरी हा हसत एक सरकवतोच. ताईंची नजर सवयीनं त्याच्या बोटांवर. बोटं पाकानं माखलीत, पण तोंडाकडे जात नाहीत.

तो ताईंच्या पानासमोर येऊन थांबतो.

"आई, तू गोड का सोडलंस?"

"तुला देता येत नव्हतं रे. मग माझ्या घशाखाली कसं उतरणार?"

"आता घे."

"आधी तू जेव. उपाशी गेलास तू." त्यांना रडू आवरत नाही.

"पोट भरलंय माझं," सुयोग म्हणतो. "खरंच. मला नको आग्रह करू. तू घे."

हे शब्द त्याच्या तोंडून ताईंनी जन्मात ऐकलेले नाहीत. त्यांना किती हलकं वाटतं.

जाग येते तेव्हा उन्हं ओट्यापर्यंत आलेली असतात. हात कमरेला जातो, तर किल्ली नाही. ती फडताळाच्या कुलपात आहे आणि कुलूप उघडं लोंबतंय. झोपेत आपणच उठलो असू, असं ताई स्वतःला समजावतात. डब्याचं झाकण बाजूला काढून ठेवलंय. त्या वाकून आत बघतात.

सगळे लाडू जागच्या जागी आहेत. एकही कमी नाही.

ताई तिथंच बसून पोटभर रडतात. मग डोळे पुसून एक लाडू उचलतात आणि सावकाश खातात. नैवेद्याआधी खाऊ नये, हे त्यांना ठाऊक आहे. पण वाढणाऱ्याचा आग्रह मोडवत नाही.